आत्यांचं लिव्हर

"दारू घेता का, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या, मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीवर लाल रंगात बाटली छापलेली. खरं म्हणजे ती आडवी बाटली होती, पण आत्यांनी पिशवी फिरवून धरल्यामुळे ती उभी दिसत होती. डॉक्टर त्या बाटलीकडे बघत होते. मी आत्यांकडे बघायचं धाडस केलं नाही.

"घेता म्हंजी?"

"म्हणजे कधी सणासुदीला, थोडीशी..."

"डाक्टर," आत्या म्हणाल्या, "आंबेखिंडच्या दारूबंदी समितीची मी अध्यक्ष हाय."

"छान," डॉक्टर म्हणाले. पोरगेलासा माणूस, तालुक्याला नवीनच आलेला. "तरी विचारावं लागतं. लिव्हर वाढलंय ना तुमचं."

आत्यांच्या उजव्या कुशीत महिनाभर जडपणा होता. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. पण गावात मतदान तोंडावर आलेलं. दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांनी मतदान करायचं असतं. कागदावर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. निम्म्या म्हणजे आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीत नाव असलेल्या सगळ्यांपैकी. जी बाई घरात बसेल ती उभ्या बाटलीची. म्हणून आत्या दारोदार हिंडत होत्या आणि दुखणं अंगावर काढत होत्या. शेवटी मीच त्यांना जीपमध्ये घालून आणलं होतं.

"घरात कुणाला लिव्हरचा आजार होता का?" डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला.

"न्हाई."

"मिस्टर?"

"काविळीनं गेले."

"कावीळ म्हणजे लिव्हरच की."

"काविळीनं गेले," आत्या त्याच आवाजात परत म्हणाल्या. डॉक्टरांनी कावीळ लिहिलं.

ही कावीळ मला चांगलीच परिचयाची होती. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी हंडाभर पाणी उकळत होते. आमच्या घरात कच्चं पाणी कुणी पीत नसे. रसवंतीचा रस नाही, यात्रेतलं सरबत नाही, लग्नातला मठ्ठा नाही. सासरे काविळीनं गेले म्हणून.

"उपास किती करता?" डॉक्टरांचं चालूच होतं.

उत्तर मीच दिलं, "सोमवार, गुरुवार, शनिवार. चतुर्थी आणि एकादशी वेगळी."

"उपासाला खाता काय?"

"काही नाही. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस, गुळातली रताळी. आणि चहा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही उपास सोडा. जेवण कमी होईल."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. लिव्हर उजव्या बरगडीखाली असतं. अंगाला न लागलेली साखर आणि तूप-तेल चरबी होऊन त्यात साठत जातं, मग ते सुजतं, वाढतं. त्याला दारूच लागते असं काही नाही. रक्तातली साखरही वाढलेली होती. तिच्यासाठी गोळ्या दिल्या. रोज चालायचं, वजन उतरवायचं, गोड बंद, उपासाचं बंद, गावठी काढे नकोत, मनानं घेतलेल्या गोळ्या नकोत. आणि चांगली गोष्ट अशी की या पायरीवर लिव्हर परत जागेवर येतं. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू.

आत्या मान डोलवत होत्या. मला वाटलं, ऐकतायत.

बाहेर आलो तर खिडकीतली बाई ओरडली, "लिव्हर वाढलेल्या मोहिते मावशी कोण? रिपोर्ट राहिला तुमचा!"

बाकावर बसलेल्या सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. त्यात पायाला फडकं गुंडाळलेला दिनू होता. दिनू रंगाशेठच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. आंबेखिंडला दारूचं दुकान एकच, ते रंगाशेठचं, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडलांचं. दिनूनं आत्यांना अदबीनं नमस्कार केला.

जीपमध्ये आत्यांनी माझा हात धरला. "शालन, संपतला सांगायचं न्हाई. कुणालाच न्हाई. माझी शपथ हाय."

संपत म्हणजे माझे यजमान. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण लिहिताना सारखं 'अहो' बरं दिसत नाही. मी शपथ घेतली. कारण मला उघड दिसत होतं. दारूबंदीच्या अध्यक्षीणबाईंचं लिव्हर वाढलंय म्हटल्यावर गाव काय म्हणेल, हे सांगायला ज्योतिषी नको. नावाला जपणारी बाई, घाबरणारच.

गोळ्या त्यांनी देवापुढे ठेवल्या. मला वाटलं, पहिली देवाला दाखवून मग घेतील. दोन दिवसांनी पाहिलं तर पुडी तशीच बांधलेली, वर हळद-कुंकू.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुरणपोळी करायला सांगितली.

"आत्या, डॉक्टरांनी गोड..."

"कर म्हनलं न्हवं?"

आणि जेवताना वर साजूक तुपाची धार. मी वाढत गेले, त्या खात गेल्या. खाताना चेहऱ्यावर आनंदही नव्हता. काम उरकावं तसं खात होत्या.

त्याच आठवड्यात त्यांनी मला काळ्या मसाल्याचं प्रमाण सांगितलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि आजवर मसाला करताना त्या मला काहीतरी आणायला बाहेर पाठवायच्या. आता स्वतःहून हाक मारली, तीळ किती, खोबरं किती, दगडफूल केव्हा टाकायचं, सगळं दोनदा वदवून घेतलं. मग बियाण्याचं मडकं दाखवलं. मग म्हणाल्या, "माझ्या पाटल्या तुलाच हायत. आणि संपतला गार पाणी बाधतं, ध्यानात ठेव."

मला वाटलं, समितीच्या कामामुळे घर माझ्याकडे सोपवतायत. मी मनातून खूश झाले. माहेरी निरोप धाडला की आता कारभार माझ्याकडे आला.

इकडे दिनूनं आपलं काम चोख केलं होतं. गावात कुजबुज सुरू झाली. "द्वारकाकाकीचं लिव्हर वाढलंय म्हनं." द्वारका हे आत्यांचं नाव. "बाई दिसती साधी, पर आतनं घेत आसंल. न्हाईतर लिव्हर उगं वाढतंय व्हय?" समितीतल्या बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण बोलताना त्या आत्यांच्या फार जवळ यायला लागल्या. एकीनं पदर सारखा करायच्या निमित्तानं वास घेतला. दुसरीनं कानात काहीतरी सांगायला तोंड जवळ आणलं, आणि सांगितलं फक्त की आज ऊन फार आहे. आमच्या भिंतीतल्या देवळीत खोकल्याच्या औषधाची बाटली होती. ती कुणीतरी उघडून हुंगून परत ठेवलेली मला दिसली. झाकण तिरकं बसलं होतं.

आत्यांना हे कळत होतं. तरी त्या दारोदार जातच राहिल्या. परत आल्या की भिंतीला टेकून बसायच्या आणि कुशीवर हात ठेवायच्या. पायऱ्यांना आता दोनदा थांबायच्या.

एका दुपारी मी मिरच्या भाजत होते. घरभर खाट झाला होता, दोघीही खोकत होतो, आणि डोळ्यातून पाणी येतच होतं. म्हणून मला विचारायला सोपं गेलं.

"आत्या, गोळ्या का घेत नाही?"

"काय करायच्या?"

"लिव्हर कमी होतं म्हणाले ना डॉक्टर."

"डाक्टर म्हनत्यातच. त्येंचं कामच हाय ते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मी पाह्यलंय वाढलेलं लिव्हर. आखाडात डाक्टरनं असंच सांगितलं, आन बेंदराला माणूस न्हवतं."

"कुणाचं?"

"व्हता एक."

"अहो, ते वेगळं असेल. तुमचं चरबीचं आहे."

"लिव्हर ते लिव्हर, शालन. रविवारपतूर टिकलं म्हंजी झालं. मतदान झालं की मी मोकळी."

माझा हात तव्यावरच थांबला. पुरणपोळी, मसाला, पाटल्या, गार पाणी. कारभार माझ्याकडे आला नव्हता, बाई निरवानिरव करत होत्या. गावाच्या बोलण्याला त्या घाबरतच नव्हत्या. त्या मरणाची तयारी करत होत्या, आणि मी त्यांना तूप वाढत होते.

मी परत सगळं सांगायला लागले, तर त्या उठून बाहेर गेल्या. मिरच्या जळाल्या. मी त्या दुपारी पुष्कळ रडले, आणि संपत आल्यावर मिरच्यांवर ढकललं. शपथ घातलेली होती.

शुक्रवारी संध्याकाळी भैरोबाच्या देवळासमोर शेवटची सभा होती. बायका खाली सतरंजीवर, पुरुष कडेनं उभे. खुर्च्या आणि सतरंज्या रंगाशेठच्या मांडवाच्या दुकानातून आणलेल्या, कारण गावात मांडवाचं दुकानही त्यांचंच होतं. भाडं त्यांनी घेतलं नाही. स्वतः पहिल्या खुर्चीवर येऊन बसले आणि सुरुवातीलाच उठून हात जोडले.

"बोलू का दोन शब्द? वहिनी, तब्येतीला जपा. लिव्हर वाढलंय असं ऐकतो. आता लिव्हर कशानं वाढतं ते मी काय सांगावं? माझा धंदाच तो हाय."

पुरुष हसले. काही बायकाही हसल्या, पदर तोंडाला लावून. मी आत्यांकडे पाहिलं. त्या गुडघ्यावर हात रोवून उठल्या, धाप जिरेपर्यंत थांबल्या.

"वाढलंय," त्या म्हणाल्या.

हसणं थांबलं.

"रंगाशेठ खरं बोलत्यात. दारूनं लिव्हर वाढतं. मला ठाऊक हाय, मी माझ्या घरात पाह्यलंय. आमच्या मालकांचं वाढलं हुतं." त्यांनी कुशीवर हात दाबून धरला. "ते काविळीनं गेले म्हणून मी गावाला सांगितलं. ते खोटं हाय. दारूनं गेले ते. रंगाशेठ, तुमच्या वडलांच्या दुकानातल्या दारूनं. माणसाचं नाव खराब नगं, पोराला कुणी दारुड्याचा पोरगा म्हनू नये, म्हणून बावीस वरसं मी कावीळ कावीळ करत आले. आता मी काय राहत न्हाई. जायच्या आदी खरं सांगून जाती."

सात वर्षं उकळलेलं पाणी माझ्या डोळ्यापुढे उभं राहिलं.

मग पुढच्या रांगेतली पारूआजी बोलली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, आणि आत्यांची शेजारीण.

"बस बाई द्वारके, पाय दुखतील. आमाला काय नवीन सांगतीस? कावीळ झालेला माणूस रोज सांजचं गाणी म्हनत घरला येतो व्हय?"

पहिल्यांदा कोण हसलं कोण जाणे. पण एकदा सुरू झालं ते थांबेना.

"माझ्या दारातनं दोनदा उचलून आणलाय त्येला," पारूआजी म्हणाली. "तू म्हनलीस कावीळ, आमी म्हनलं कावीळ. सगळ्या गावाला दटावून ठिवलं हुतं म्या. बाईला तेवढंच बरं वाटतंय, तर आपल्या बाचं काय जातंय?"

आत्या वळल्या आणि कडेला उभ्या असलेल्या संपतला शोधू लागल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. गावासमोर नव्हता पडला, तो लेकाकडे बघताना पडला.

"संपत..."

"मला बी ठाऊक हुतं, आई," संपत म्हणाले. "आण्णांना दुकानातनं आणायला तू मलाच धाडायचीस."

"तुला तर मी म्हनायची, आण्णांना चक्कर येती, हाताला धरून आण."

"व्हय. रोज दिवेलागणीला यायची त्येस्नी चक्कर."

म्हणजे गावाला ठाऊक होतं, पोराला ठाऊक होतं, रंगाशेठना तर होतंच. ठाऊक नसलेली एकटी मीच, आणि पाणी मीच उकळत होते.

"मग तुजं कशानं वाढलं गं?" पारूआजीनं विचारलं. "तू तर घेत न्हाईस. का घेतीस?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अडाणीपण होतं, खरंखुरं. त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा कुठं मला उमगलं की दवाखान्यात 'वाढलंय' या शब्दानंतर या बाईला एक अक्षर ऐकू गेलेलं नव्हतं. त्या तिथं माझ्या शेजारी बसल्या नव्हत्या. त्या बावीस वर्षं मागं, नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या.

मी उठून उभी राहिले. सभेत बोलायची माझी पहिलीच वेळ. "त्यांचं दारूनं नाही वाढलं," मी म्हणाले. "उपासानं वाढलं."

आता मात्र खरा गोंधळ झाला. दारूला नावं ठेवणं वेगळं. मी साबुदाण्याला हात घातला होता. "देवाधर्माचं कसं काय बाधंल?" "आमी जल्मभर करतोय!" मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं जमेल तसं सांगितलं. साखर, तूप, शेंगदाण्याचे लाडू, चरबी. शेवटी म्हणाले, "आणि ते बरं होतं. पथ्य केलं, चाललं, तर सहा महिन्यांत उतरतं."

"बरं हुतं?" आत्यांनी विचारलं. सगळ्या सभेसमोर, लहान पोरीसारखं.

"होतं."

"मग हे तू मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"आत्या, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं. मी मिरच्या भाजताना सांगितलं."

"मला ऐकू आलं न्हाई," त्या म्हणाल्या, खाली बसल्या, आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. सासऱ्यांच्या दिवसकार्यातही ती बाई रडली नव्हती, असं पारूआजीनं मला नंतर सांगितलं. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला त्यांच्यावर तेव्हा जितकी माया आली तितकी आधी कधी आली नव्हती.

रंगाशेठ अजून उभेच होते. पारूआजी त्यांना म्हणाली, "बस की बाबा तू बी. खुर्च्या तुझ्याच हायत."

रविवारी आडवी बाटली निवडून आली. फार फरकानं नाही. पारूआजीला तेवढं अंतर चालवेना म्हणून खाटेवर घालून आणावं लागलं, आणि तिनं शिक्का मारताना कुठली आडवी आणि कुठली उभी हे मोठ्यानं विचारून घेतलं, त्यावर रंगाशेठच्या माणसांनी हरकत घेतली. हरकत टिकली नाही. दुकानाला कुलूप लागलं. रंगाशेठनी ओढ्यापलीकडच्या गावात नवीन दुकान काढलं, आणि आमच्या गावचे काही लोक आता तिथपर्यंत चालत जातात. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे चालणं लिव्हरला चांगलं असतं.

आत्याही चालायला लागल्या. सकाळी भैरोबापर्यंत, मग माळापर्यंत. गोळ्यांची पुडी देवापुढून काढली, पण हळद-कुंकू झटकलं नाही, त्यामुळे पहिल्या चार गोळ्या लाल झाल्या होत्या. चहातली साखर सुटायला वेळ लागला. उपास सुटले नाहीत. त्यांनी त्यातून साबुदाणा काढला, लाडू काढले, आणि राहिलेल्याला उपास म्हणायला सुरुवात केली. मसाला पुढच्या वर्षी करताना मला परत दुकानात हळद आणायला पाठवलं. मी मुकाट गेले. प्रमाण मला पाठ होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी हंडा घेऊन उभी होते. म्हटलं, "आत्या, पाणी उकळू का आता?"

त्यांनी थोडा विचार केला. "उकळ," म्हणाल्या. "सवय झालीया."

सहा महिन्यांनी आम्ही परत तालुक्याला गेलो. पोरगेले डॉक्टर बदलून गेले होते, त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी नवी सोनोग्राफी पाहिली, जुनी पाहिली आणि म्हणाल्या, "अरे वा. बरंच उतरलंय." मग त्यांनी सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारायला घेतले.

"दारू घेता का?"

"न्हाई," आत्या शांतपणे म्हणाल्या.

"घरात कुणाला लिव्हरचा आजार?"

मी खाली बघितलं. पिशवीवरचा लाल रंग धुऊन धुऊन फिका पडला होता.

"हुता," आत्या म्हणाल्या. "मालकांना. दारूनं."

"मग काय इलाज केला?"

"तवा काय जमलं न्हाई," आत्या म्हणाल्या. "औंदा दुकान बंद केलं."